काट्यावरची रात्र आणि चालते मुडदे

वाचनाची जागा आणि वेळ याबाबतीत आपण फार सोवळे आहोत. पहाटे उठून वाचावं, ताठ बसून वाचावं, हातात पेन्सिल घेऊन वाचावं, असं आमचे गुरुजी सांगत. कामावर असताना वाचणं म्हणजे मालकाच्या वेळेची चोरी, आणि कामावर बसून भुताखेतांची कादंबरी वाचणं म्हणजे चोरी आणि वर शिरजोरी! तरीही माझं म्हणणं असं आहे, की भयकथा ही मुळात रात्रपाळीच्या माणसाची मिरास आहे. घरात, पांघरुणात, शेजारी बायकापोरं झोपलेली असताना वाचणाऱ्याला ती निम्मीच कळते.

एवढं ठासून बोलायचा अधिकार मला कसा, तर उमरीजवळच्या एका जिनिंग-प्रेसिंगमध्ये मी बरीच वर्षं वजनकाट्यावर बसलो. बी.ए. झालेला माणूस, दोन-चार कविता छापून आलेल्या, आणि हातात पावतीपुस्तक. दसरा-दिवाळीच्या सुमारास कापूस सुरू झाला की श्वास घ्यायला फुरसत नसायची. भरल्या गाडीचं वजन घ्या, माल उतरला की रिकाम्या गाडीचं घ्या, वजाबाकी करा, पावती फाडा. होळी झाली की मात्र सगळं ओसरतं. मग रात्रपाळीला सरकीची एखादी गाडी, गठाणींचा एखादा ट्रक, की बाकी शुकशुकाट. गाडी येवो न येवो, काट्यावर माणूस बसलेला लागतो. त्याने झोपायचं नाही, उठून कुठे जायचंही नाही. काम नसताना जागं राहणं हेच काम.

हे ज्यांनी केलंय, म्हणजे रुग्णालयातले वॉर्डबॉय, पेट्रोल पंपावरची पोरं, सबस्टेशनवरचे ऑपरेटर, रेल्वे फाटकावरचे गेटमन, त्यांना पहाटे तीन ते पाचचा वेळ काय असतो ते सांगायला नको. शरीराचं तापमान तेव्हा दिवसातलं सगळ्यांत खाली गेलेलं असतं, लक्ष उडतं, डोळे उघडे असूनही माणूस निम्मा झोपेत असतो. या वेळेत वैचारिक पुस्तक पानभरही टिकत नाही. कवितेचा तर धोकाच जास्त. चांगला शेर वाचला की डोळे मिटून घ्यावेसे वाटतात, आणि डोळे मिटले की खेळ खलास. भयकथा मात्र जागं ठेवते. काळीज जरा जोरात चालायला लागतं, कान टवकारतात, बाहेर पत्रा वाजला तरी मान वळते. चहापेक्षा स्वस्त आणि तंबाखूपेक्षा बरं.

गावच्या वाचनालयात त्यासाठी पुष्कळ माल होता. हजारावर रहस्यकथा लिहिणारे बाबूराव अर्नाळकर होते. नारायण धारप होते, रत्नाकर मतकरी होते. मतकरींनी बँक ऑफ इंडियात वीसेक वर्षं नोकरी केली, ती १९७८ साली सोडली. बँकेच्या खातेवह्या आणि 'खेकडा'सारखी कथा एकाच माणसाच्या हाताखालून गेली, हे कळल्यावर मला माझ्या पावतीपुस्तकाचा जरा अभिमानच वाटला. धारपांचं जग वेगळं. त्यांच्या कथेत वाडा असतो, त्या वाड्यात काहीतरी दबा धरून बसलेलं असतं, माणूस अडकतो, आणि पुष्कळदा शेवटी 'समर्थ' येतात. वाईटाला नियम असतात, तोडगा असतो, तोडगा जाणणारा माणूस असतो. वाचून झालं की काट्यावरच्या माणसाला धीर येतो.

धीर न देणारं पुस्तक भेटलं ते २०१४ च्या उन्हाळ्यात. भाचा हैदराबादला नोकरीला. तिथे आबिद्सला रविवारी फुटपाथवर जुन्या पुस्तकांचा बाजार भरतो. तिथून त्याने एक इंग्रजी कादंबरी आणली आणि म्हणाला, "मामू, तुमच्या ड्यूटीसाठी आहे. यात मुडदे चालतात." मॅक्स ब्रुक्स या अमेरिकन लेखकाची 'वर्ल्ड वॉर झेड', २००६ साली आलेली. तिच्यावरून २०१३ साली ब्रॅड पिटचा सिनेमाही निघाला. पण पुस्तक आणि सिनेमा यांचं नातं नावापुरतं. सिनेमात एक नायक विमानातून जगभर पळतो. पुस्तकात नायकच नाही.

पुस्तकाची मांडणी अशी. मेलेली माणसं उठून जिवंतांना चावायला लागली, चावा बसला तो मेला आणि उठला, असं करत जग बुडायला आलं. मग दहा वर्षांच्या लढाईने माणसं कशीबशी तगली. आता सगळं शांत झाल्यावर एक माणूस देशोदेशी फिरतो आणि वाचलेल्यांच्या मुलाखती घेतो. चीनमधला डॉक्टर, तस्करी करणारा, सैनिक, जपानमधला घरकोंबडा पोरगा, अंध म्हातारा, पाणबुडीवरचा खलाशी. प्रत्येक जण आपलं सांगतो आणि पुस्तकातून निघून जातो. लेखकाने ही रीत उचलली ती स्टड्स टर्केल यांच्याकडून, आणि तसं त्याने पुस्तकातच आभारात मान्य केलंय. टर्केल हे शिकागोच्या रेडिओवर चार दशकांहून अधिक काळ लोकांना बोलतं करणारे गृहस्थ. दुसऱ्या महायुद्धातल्या साध्यासुध्या माणसांच्या आठवणींचं त्यांचं पुस्तक १९८४ साली आलं आणि त्याला पुलित्झर मिळालं. म्हणजे ही भुताची कादंबरी मुळात रेडिओच्या घराण्यातली. रात्रपाळीला ती सोयीचीही फार. एक मुलाखत पाच-सात पानांची. गाडी आली, पुस्तक पालथं घातलं, पावती फाडली, पुन्हा उचललं. धागा तुटत नाही.

आमच्या फाटकावर पहाऱ्याला आप्पा होते. वय साठीच्या पुढे, शाळा चौथीपर्यंत, पण गोष्टीचं वेड भारी. "काय वाचायलात भाई?" म्हणून एका रात्री खुर्ची ओढून बसले, आणि मग मी ते पुस्तक त्यांना मराठीत सांगू लागलो. या माणसाने लेखकाची जी उलटतपासणी घेतली, ती एखाद्या प्राध्यापकाने काय घ्यावी! पहिल्याच रात्री विचारलं, "मेलेलं मढं दोन दिसांत वास मारतंय. ह्ये दहा वर्षं कसे टिकले?" ब्रुक्सकडे उत्तर आहे. त्याच्या २००३ सालच्या आधीच्या पुस्तकात तो सांगतो, की या रोगाचा विषाणू असा, की कुजवणारे जंतू त्या मांसाला तोंडच लावत नाहीत. आप्पांनी मान हलवली. मग विचारलं, "थंडीत?" थंड मुलखात ते गोठतात आणि उन्हाळा आला की वितळून चालू लागतात. "आन् इहिरीत पडले तर?" ते पाण्यात मरत नाहीत, समुद्राच्या तळानेही चालतात. आप्पा बराच वेळ गप्प बसले. म्हणाले, "मग पानी गेलं म्हना की. चावायची गरजच न्हाई."

वास्तववादी भयकथा म्हणजे काय, हे मला त्या रात्री आप्पांनी शिकवलं. भूत खरं आहे की नाही, हा तिचा प्रश्नच नाही. एक खोटी गोष्ट मान्य करायची, फक्त एक. आणि त्यानंतर सगळा हिशेब खरा ठेवायचा. धान्य किती दिवस पुरेल, इंजिनाला डिझेल कुठून येईल, विहिरीचं काय, फाटक कुणाच्या ताब्यात, अफवा कोण पसरवतंय, लस म्हणून पाणी कोण विकतंय. मी काटेवाला माणूस. मला ही जात लगेच आवडली. भरलेली गाडी, रिकामी गाडी आणि मधला फरक.

आता हा झोंबी आला कुठून, ते बघू. त्याचं मूळ गाव हैती. कॅरिबियन समुद्रातल्या या बेटावर फ्रेंचांचे उसाचे मळे होते आणि त्यांवर आफ्रिकेतून धरून आणलेले गुलाम राबत. राबून मरत आणि नवे आणले जात. या गुलामांनी १७९१ साली बंड केलं आणि १८०४ साली देश स्वतंत्र केला. त्यांच्या लोकसमजुतीतला झोंबी कुणाला चावत नाही, कुणाला खात नाही. मांत्रिकाने थडग्यातून उठवलेला तो एक मजूर आहे. त्याला मन नाही, नाव आठवत नाही, तो फक्त काम करतो. गुलामाला वाटत असे, मेल्यावर तरी सुटेन; आणि भीती ही, की मेल्यावरही मळ्यातच राबावं लागलं तर? १९२९ साली विल्यम सीब्रुक या अमेरिकन लेखकाच्या पुस्तकाने हे झोंबी इंग्रजी वाचकांपुढे आणले, तेही उसाच्या फडात राबताना. १९३२ च्या 'व्हाइट झोंबी' सिनेमात ते साखर कारखान्यात आहेत. एक मजूर घाणीत पडतो, आणि बाकीचे मान वर न करता चालतच राहतात.

हे वाचताना मराठवाड्यातल्या माणसाला काय आठवणार, ते वेगळं सांगायला हवं का? दसरा झाला की आमच्याकडून नवराबायकोची जोडी, जिला 'कोयता' म्हणतात, मुकादमाची उचल घेऊन ऊसतोडीला निघते. माणसाला अवजाराच्या नावाने मोजायची ही पद्धत. पहाटे तोड, रात्री-अपरात्री गाडी भरायला उठायचं, आजारी पडलं तर खाडा आणि वर दंड. पाळी-बाळंतपणाने काम बुडू नये म्हणून बीड जिल्ह्यातल्या बायका गर्भाशयंच काढून टाकताहेत, हा प्रश्न २०१९ साली विधिमंडळात गाजला आणि चौकशी समिती नेमावी लागली. हैतीच्या मांत्रिकाला तरी आधी माणूस मारावा लागे.

मांसभक्षक झोंबी मात्र नवा आहे. तो जॉर्ज रोमेरो या दिग्दर्शकाने १९६८ साली 'नाइट ऑफ द लिव्हिंग डेड'मध्ये आणला. गंमत अशी, की त्या सिनेमात 'झोंबी' हा शब्द एकदाही येत नाही. बातम्या देणारे त्या मुडद्यांना 'घूल' म्हणतात. हा शब्द आला अरबीतून. ओसाड रानात वाटसरूला फसवून नेणारा, मढी उकरून खाणारा गूल. माझी दादी दास्तान सांगताना 'गूल-ए-बयाबानी' म्हणायची आणि आम्ही पोरं तिच्या ओढणीत शिरायचो. तोच गूल अमेरिकेच्या शेतघरापर्यंत पोचला. तो आकाशातही आहे. ययाती तारकासमूहात दर पावणेतीन-तीन दिवसांनी मंदावणारा एक तारा आहे, त्याला अरब 'रास-अल-गूल' म्हणत, म्हणजे गूलचं मुंडकं. इंग्रजीत त्याचं 'अल्गोल' झालं. काट्याच्या खोलीबाहेर हिवाळ्यात तो आप्पांना दाखवला होता. ते म्हणाले, "तुमच्या लोकांनी आभाळात पन भुतं बसवली का!"

आपल्या जुन्या भुतांत आणि या झोंबीत एक मोठा फरक आहे. आपलं भूत बोलतं. वेताळपंचविशीतलं झाडावरचं प्रेत विक्रमाला कोडी घालतं. ते विक्रमापेक्षा शहाणं आहे. मुंजा, हडळ, खवीस, आमच्याकडचे जिन, आसेब, सगळ्यांना काहीतरी हवं असतं. कुणाचं लग्न राहिलेलं, कुणाचा पुरलेला हंडा, कुणाच्या वाड्याची जागा. म्हणून नारळ देता येतो, ताईत बांधता येतो, मांत्रिकाला बोलावता येतं, सौदा होतो. झोंबीशी सौदा होत नाही. त्याला तुमचं नाव माहीत नाही, तुमच्यावर त्याचा राग नाही. त्याला गर्दी लागते आणि त्याने गर्दी वाढते, बस. असं वागणारी गोष्ट आपण भुतांत पाहिलेली नाही. रोगांत पाहिली आहे.

ब्रुक्सने नमुना घेतला तो उघडच रेबीजचा. कादंबरीत सुरुवातीला लोक या साथीला 'आफ्रिकन रेबीज' म्हणतात, आणि एक चलाख व्यापारी रेबीजची लस 'फॅलँक्स' या नावाने विकून गबर होतो. लोकांना खोटा धीर मिळतो आणि साथ दबा धरून वाढते. खरा रेबीज काय करतो? चाव्यातून लाळेबरोबर विषाणू शिरतो, मज्जातंतूंच्या वाटेने हळूहळू मेंदूकडे सरकतो. घशाचे स्नायू असे आवळतात, की तहानेने जीव चाललेला माणूस पाण्याचं भांडं पाहून थरथरतो. लक्षणं दिसू लागली की वाचणारा माणूस जवळजवळ नसतोच. लुई पाश्चर यांनी ६ जुलै १८८५ रोजी जोसेफ मायस्टर या नऊ वर्षांच्या पोराला पहिली लस टोचली, त्याला आता १४० वर्षं होऊन गेली. तरी जगातल्या रेबीजच्या मृत्यूंपैकी एक तृतीयांशाच्या आसपास आपल्या देशात होतात, असं जागतिक आरोग्य संघटनेचं म्हणणं. आमच्याकडे अजूनही चाव्यावर चटणी भरणारे, चुना लावणारे आहेत. साबण आणि वाहतं पाणी घेऊन जखम पंधरा मिनिटं धुवायची आणि त्याच दिवशी दवाखाना गाठून लस घ्यायची, एवढंच ते आहे. आप्पांना कादंबरीतला हा भाग सांगितला आणि त्यांनी तो जिनिंगमधल्या प्रत्येक हमालाला सांगितला. झोंबीसकट.

साथ आली की सरकार काय करतं, लोक काय करतात, याचा नमुना शोधायला महाराष्ट्राला परदेशात जायची गरज नाही. १८९६ साली मुंबईत प्लेग आला, लोक शहर सोडून पळाले आणि रोगही त्यांच्याबरोबर निघाला. १८९७ साली साथरोग कायदा झाला. पुण्यात गोरे सोल्जर घरांत घुसून तपासणी करू लागले, तेव्हा लोकांना गाठीपेक्षा तपासणीची भीती जास्त वाटू लागली. त्यातूनच २२ जून १८९७ ची रँडच्या खुनाची रात्र आली. आणि १३ मार्च २०२० रोजी महाराष्ट्र सरकारने कोविडसाठी जो कायदा लागू केला, तो हाच, १८९७ चा. सव्वाशे वर्षांनी तेच कलम पुन्हा जागं झालं.

कॅनडातल्या ओटावा इथल्या गणितज्ञांनी २००९ साली झोंबीच्या साथीचं गणित मांडलं होतं. रोगाच्या फैलावाची समीकरणं घेतली, 'मृत' हा रकाना पुन्हा फिरून येणारा केला आणि निष्कर्ष काढला, की वेळीच आणि वारंवार जोराने तोंड दिलं तरच माणूस टिकेल, नुसतं कोंडून ठेवून भागणार नाही. त्यांतल्या एका प्राध्यापकाने आपल्या आडनावापुढे कायमचं प्रश्नचिन्ह लावून घेतलंय, तेव्हा हा विषय त्याला शोभलाही. कोविडच्या पहिल्या लाटेत ३१० लोकांना प्रश्न विचारून केलेला एक अभ्यासही २०२१ साली प्रसिद्ध झाला. भयपट आवडणाऱ्यांना त्या काळात मनाचा त्रास तुलनेने कमी झाला, आणि जगबुडीचे, झोंबीचे सिनेमे पाहणारे अधिक तयारीत होते, असं त्यात निघालं. मला हे पटतंही आणि पटत नाहीही. परिस्थिती कशी घसरत जाते, हे त्या पुस्तकाने मला आधी दाखवलं होतं, हे खरं. पण ३१० माणसं, तीही अमेरिकेतली, घरात बसून प्रश्नावली भरणारी. आमच्याकडे ज्यांचे हाल झाले त्यांना घरच नव्हतं, ती रस्त्यावर होती.

८ मे २०२० ची पहाट आठवा. जालन्याच्या पोलाद कारखान्यांतले मध्य प्रदेशातले मजूर काम बंद पडल्यावर गावाकडे चालत निघाले. गाड्या बंद आहेत या समजाने रूळ धरून चालले, थकून रुळांवरच झोपले. करमाडजवळ मालगाडी आली आणि १६ जण गेले. रुळांवर त्यांच्या चपात्या पडलेल्या होत्या. तो रूळ मनमाडहून निघतो, जालना, परभणी, नांदेड करत आमच्या उमरीवरून पुढे सिकंदराबादला जातो. काट्यावर बसून वर्षानुवर्षं मी ज्या गाड्यांच्या शिट्ट्या ऐकल्या, तोच मार्ग. ब्रुक्सच्या पुस्तकात लोक झोंबीच्या भीतीने उत्तरेकडे पळतात आणि थंडीने, भुकेने मरतात; तिथल्या मृतांत चावलेले कमी आणि वाटेत गेलेले जास्त. ते प्रकरण मला आता पुन्हा वाचवत नाही.

मी कवी आहे, आणि मेलेल्या माणसाशी कवीचं काम पडतं. आमच्या उर्दूत मर्सिया आहे, मराठीत विलापिका आहे. मयत झाली की गुस्ल द्यायचं, कफन घालायचं, चार खांदे बदलत न्यायचं, प्रत्येकाने तीन मुठी माती टाकायची. तुमच्याकडे पाणी पाजणं, अग्नी देणं, अस्थी, दहावा. हे सगळं कशासाठी? काल बोलणारा माणूस एकदम वस्तू होऊ नये म्हणून. झोंबीच्या गोष्टीत मला सगळ्यांत भीतिदायक वाटतं ते चावणं नाही. आईच्या मढ्याकडे पाहून पोराला रडायला वेळच नसतो, ते वाटतं. ती उठायच्या आत तिचं डोकं फोडायचं असतं. मर्सिया लिहायची सोयच उरत नाही. हे वाचलं तेव्हा ती कल्पना होती. एप्रिल २०२१ मध्ये अंबाजोगाईत एकाच रुग्णवाहिकेत २२ मृतदेह कोंबून स्मशानात नेल्याची बातमी आली, आणि त्याआधी त्याच गावात एका चितेवर आठ जणांना अग्नी दिल्याचीही. अंबाजोगाई म्हणजे मुकुंदराजांचं गाव, मराठी कवितेचं आजोळ. त्याच वर्ष-दीड वर्षात मुंबईतल्या बडा कब्रस्तानाच्या स्वयंसेवकांनी ज्यांच्याजवळ यायला कुणी नव्हतं अशा हिंदू मयतांना स्मशानात नेऊन अग्नी दिला, हेही इथेच सांगितलं पाहिजे.

मराठीत झोंबी आला तो पडद्यावर. आदित्य सरपोतदार यांचा 'झोंबिवली' २६ जानेवारी २०२२ रोजी प्रदर्शित झाला. जागा डोंबिवली, नवी टोलेजंग सोसायटी आणि कुंपणापलीकडे झोपडपट्टी, आणि रोग येतो तो पाण्यातून. सिनेमा हसवत हसवत जातो, पण पाण्याची ती गोष्ट कळल्यावर मी थिएटरमध्येच आप्पांची आठवण काढली. चावायची गरजच न्हाई! पाण्याची भीती मराठवाड्याला शिकवावी लागत नाही. मार्च २०१६ मध्ये लातूरला पाण्याच्या टाक्यांभोवती जमावबंदीचं १४४ कलम लावावं लागलं होतं. १२ एप्रिलला मिरजेहून पहिली पाण्याची रेल्वे आली. दहा वाघिणी, पाच लाख लिटर, साडेतीनशे किलोमीटरच्या आसपासचा प्रवास. लोक फलाटावर हार घेऊन उभे होते. वास्तववादी भयकथा लिहिणाऱ्याने आणखी काय मागावं? त्यात एकही मुडदा घालायची गरज नाही.

रेडिओचं एक प्रकरण त्या पुस्तकात आहे, ते राहिलं. जग बुडत असताना समुद्रातल्या एका जहाजावरून सगळ्या भाषांत प्रसारण चालतं. पाणी कसं शुद्ध करावं, अफवा कोणत्या खोट्या, मंत्रतंत्रावर का विसंबू नये, एवढंच ते सांगतात. ही हकीकत सांगणाऱ्याचं नाव बारती पळशीगर. मराठी कानाला 'पळशीकर'च ऐकू येतं! त्या जहाजावर काही जणांचं काम नुसतं ऐकण्याचं होतं. जगभरातल्या बंद पडत चाललेल्या केंद्रांवरून येणारे शेवटचे आवाज ते रात्रंदिवस ऐकत आणि टिपून घेत. लढाई संपली आणि या ऐकणाऱ्यांनी स्वतःचं आयुष्य संपवलं. हे मी आप्पांना सांगितलं, तेव्हा ते म्हणाले, "सांगनाऱ्याचं हलकं होतंय भाई. ऐकनाऱ्यानं कुठं टाकावं?"

शेवटी शेवटी रेडेकर योजनेची गोष्ट आली. दक्षिण आफ्रिकेतला एक हिशेबी माणूस सरकारला सांगतो, की सगळ्यांना वाचवता येणार नाही. थोड्यांना सुरक्षित मुलखात न्या, बाकीच्यांना बाहेर ठेवा. म्हणजे झोंबी त्यांच्यात गुंततील. जगभरची सरकारं ही योजना उचलतात. आपल्या देशातही हिमालयातली एक वाट सुरुंगाने उडवायची ठरते, आणि त्या वाटेवर मागून माणसं येतच असतात. सुरुंग वेळेवर उडत नाही, तेव्हा एक सेनापती स्वतः खाली उतरून तो उडवतो. मी हे सांगत होतो आणि आप्पा बिडी विझवून बसले होते. त्यांना सेनापतीचं फार कौतुक वाटलं नाही. त्यांनी विचारलं, "मागच्या मानसांचं काय झालं?" पुस्तकात ते नाही, मी म्हटलं. "आन् आत कोन घ्यायचं, बाहेर कोन ठिवायचं, ह्ये कुनी ठरवलं?" वरच्या साहेबांनी, मी म्हटलं.

आप्पा उठले, काठी घेतली, बॅटरी पेटते का ते पाहिलं. "भाई, राती फाटकाची किल्ली साहेबाकडं नसती," ते म्हणाले. "माझ्याकडं असती." आणि फेरीला निघून गेले.